हौसाबाईचा माहेरपट

कल्याणच्या बंदराखाली खाडी रुंदावते, डोंबिवलीची भातशेतं डाव्या हाताला ठेवते आणि कोपरच्या खाजणाशी येऊन जरा सैलावते. तिथून पुढे दिवा, मुंब्र्याचा डोंगर, पारसिक, खारीगाव आणि मग बाळकुम. या पाण्याला दोन वाटा आहेत. ओहोटीला ते समुद्राकडे जातं आणि भरतीला पुन्हा फिरून डोंगराकडे येतं. नदी एकाच दिशेने वाहते असं कुणी आमच्या कोपरच्या माणसाला सांगितलं तर तो हसेल, आणि त्याचं हसणं बरोबर असेल.

याच पाण्यावरून हौसाबाई बाळकुमहून कोपरला नवरी होऊन आली. होडीत बसलेली नवरी रडते तशी तीही रडली. पण रडता रडता ती दोन्ही काठांकडे बघत होती. कुठे तिवरांचं रान लागलं, कुठे खडक वर आला, कुठे पाणी गोल फिरतं, सगळं ती मनात ठेवत होती. करवलीने विचारलं तेव्हा म्हणाली, परतीची वाट आपल्याला ठाऊक असलेली बरी.

तिचा नवरा उत्तम होडीवाला. कोपरच्या मिठागरांतलं मीठ कल्याण बंदरात न्यायचा आणि येताना मिळेल तो माल भरायचा. सासू रखमाबाई मिठागराची धनीण. जमीन सावकाराची असो की सरकारची, त्या खाचरांवर हुकूम चालायचा रखमाबाईचा. बांध कुठे फुटला, पाणी कधी घ्यायचं, चिखल किती तुडवायचा, हे ती उंबऱ्यात बसून सांगायची आणि गावातली जाणती माणसंही ऐकायची. बोलायला कडक, पण जेवताना ताटात काय वाढलंय ते आधी सुनेचं बघायची. रखमाबाईचं स्वतःचं माहेर उलट बाजूला, कल्याणच्याही वर, मोहन्याला.

हौसाबाईच्या हाताला मात्र हुकूम सोसत नसे. हात रिकामा राहिला की तो आपलं आपण काही तरी काढायचा. गोधडी शिवायला घेतली तर सरळ टाके घालून तिचं समाधान व्हायचं नाही, मधेच खेकडा उमटायचा, कडेला बगळे उभे राहायचे. रखमाबाई म्हणायची, पांघरायची का बघत बसायची? गोधडी पांघरूनही बघता येते, असं सून म्हणायची, आणि सासू तोंड फिरवून हसायची.

पावसाळ्यात मिठागरं बुडतात. तेवढे महिने आमच्या बायकांना दुपारी बसायला मिळतं. हौसाबाईच्या पडवीत दोघी यायच्या. एक शेजारची रतन, माहेर दिव्याचं, जिभेला हाड नसलेली. दुसरी कलावती शिंपीण, माहेर कल्याणचं. तिचा नवरा कल्याणहून येऊन गावात कपडे शिवायला बसला होता, त्यामुळे तिच्याकडे रंगीत चिंध्यांचं गाठोडं असायचं. तिघी मिळून रखमाबाईचा सारीपाट मांडायच्या. रखमाबाई खेळायला बसली की तिघी हरायच्या, ती उठली की एकमेकींना हरवायच्या.

एका पावसाळ्यात फडताळातला तो पट उंदरांनी खाल्ला. फुलीचा एक हात तेवढा उरला. रखमाबाईने उंदरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि सुनेला नवा पट शिवायला सांगितलं. कलावतीने कापड आणलं. हौसाबाईने कोळशाने फुली आखायला घेतली, तेवढ्यात रतनने विचारलं, "गो हौसे, या सोंगट्या फिरून फिरून मधल्या घरात जातात. तिथं असतं काय?"

"घर असतं."

"कुणाचं?"

"ज्याचं त्याचं."

"मग मना नको. माझं घर दिव्याला हाय."

कलावती हसली. हौसाबाई हसली नाही. कोळसा हातात तसाच धरून ती कापडाकडे बघत राहिली. मग तिने ओल्या फडक्याने फुली पुसून टाकली आणि कापडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक वाकडीतिकडी रेघ ओढली. ती रेघ म्हणजे खाडी होती.

पुढचे कितीक दिवस त्या पडवीत दुसरं काही सुचलं नाही. निळी चिंधी कलावतीकडे पुरेशी नव्हती, म्हणून अर्धं पाणी निळं आणि अर्धं हिरवं झालं. ते तसंच खरं दिसलं. पाण्यावर चौकोनी घरं टाक्यांनी पाडली. वरच्या टोकाला मोहने, मग कल्याण, मधोमध कोपर, खाली दिवा आणि तळाशी बाळकुम. हे सगळ्यांचे उतारे, होड्या लागायच्या जागा. पारसिकच्या वळणाला गेरूने खडक काढला, तिथं अडकलं की एक खेळी गेली. एका घरात मोठ्या नांग्यांची कुर्ली शिवली, तिथं पाय पडला की ती चावते, मागे जायचं. ती कुर्ली कुठे असावी यावर दोघींत भांडण झालं. दिव्याच्या चिखलात कुर्ल्या नाहीतच, असं रतन शपथेवर सांगत होती, आणि दिव्याच्या बाजारात मग काय विकतात, असं कलावती विचारत होती. कुर्ली दिव्यालाच बसली.

सोंगट्यांच्या ऐवजी करवंटीच्या होड्या घासून केल्या. सगळ्या होड्या निघायच्या कोपरहून, कारण सगळ्या इथं सासरी. जिला तिला पोचायचं आपल्या माहेरी. कवड्या टाकायच्या, जेवढ्या उताण्या पडतील तेवढी घरं. नाव पडलं माहेरपट.

आता इथं आमच्या हौसाबाईने एक चूक केली. पाण्याकाठी जन्मलेल्याखेरीज ती दुसऱ्या कुणाला सुचायची नाही. पटावरची खाडी कापडाची आहे हे हौसाबाई विसरली. तिने नेम घातला की बाहेर पाणी जसं असेल तसं पटावर चालायचं. ओहोटी असली तर खाली जाणारीला कवड्यांचं पुरतं दान, वर जाणारीला काहीही पडो, एकच घर. भरती असली तर उलट. पाणी कुठे चाललंय ते पडवीतून दिसायचं. नांगरलेल्या होड्या तोंड वळवतात, पाणी येतं त्या अंगाला नाक करून उभ्या राहतात. खेळता खेळता मान वर केली की निकाल.

खेळ रंगला. पण एक दिवस अष्टमीला तिघी बसल्या. अष्टमीला भांगाचं पाणी. ना चढत, ना उतरत, खाडी नुसती डुलत पडलेली. कुणालाच एका दानात एका घरापुढे सरकता येईना. दुपार कलली. पडवीत तिघीजणी कवड्या टाकताहेत आणि करवंटीच्या होड्या गोगलगायीसारख्या चालल्याहेत. चुलीवर दूध उतू गेलं, कलावतीचा नवरा हाक मारून थकला, आणि तिघींतली एकही कुठे पोचली नाही.

रतन म्हणाली, नेम बदल. अष्टमीला पाणी खरं नसलं तरी खेळात असू दे.

हौसाबाई म्हणाली, "पाणी मी खोटं करायची नाय. भांग असला तर होडी थांबते. थांबायचं."

"अगं, पण हा खेळ आहे," कलावतीने सांगून बघितलं.

हौसाबाईला ते पटलं नाही. पुढेही कधी पटलं नाही. या बाईने नंतर किती पट केले. डोंबिवलीला आगगाडीचं स्टेशन झालं तेव्हा रुळांचा पट केला, भाताचा केला, लग्नाच्या वऱ्हाडाचा केला. प्रत्येकात बाहेरचं काही तरी खरं आत आणून ठेवायची आणि त्यापायी खेळ अडायचा. वऱ्हाडाच्या पटात तर खरोखर कुणाचं लग्न ठरेपर्यंत सोंगटी मांडवात शिरत नसे. लोक हसायचे आणि खेळायला यायचे. गावात तिथी विचारायची झाली तर बायका म्हणायच्या, हौसाच्या पडवीत बघा, होड्या चालल्यात का थांबल्यात.

दिवाळी आली आणि खेळाला धार चढली.

दर दिवाळीला असं व्हायचं की पाऊस सरलेला, मिठागरं उघडी पडलेली, आणि खाचरं तुडवायचं काम ऐन तेव्हाच निघायचं. चिखल पायांनी तुडवून तुडवून दगडासारखा केला नाही तर मीठ मातकट होतं. त्यामुळे भाऊबीजेला हौसाबाईला माहेरी जायला कधी मिळालं नव्हतं. तिचा भाऊ विश्राम बाळकुमहून यायचा, ओवाळून घ्यायचा, जेवायचा आणि पाणी फिरलं की जायचा. त्या वर्षी विश्रामचा पाय कालवाच्या शिंपल्याच्या धारेने कापला आणि चिघळला. काठी घेऊन अंगणापर्यंत जाणंही त्याला जड होतं. निरोप आला, की ताईला सांगा, या खेपेला माझं ओवाळणं राहिलं.

हौसाबाईने सासूला विचारलं. रखमाबाई म्हणाली, चिखल वाट बघत नाही. सून दुसऱ्यांदा विचारत नसे. ती गप्प झाली आणि तिच्या गप्प होण्याने घर जड झालं. भाकरी करपली नाही, पाणी सांडलं नाही, सगळं नीट, आणि तेच रखमाबाईला सोसेना.

पाडव्याला आमच्यात पट मांडतात. त्या दिवशीची हारजीत वर्षभर पुरते असं म्हणतात. सकाळी अभ्यंग झालं, रतन आणि कलावती आल्या, आणि रखमाबाई, जिने माहेरपटाला पोरखेळ म्हणून कधी हात लावला नव्हता, ती पदर खोचून पटाशी बसली.

"मांड हौसे. पटावर जी आधी माहेरी पोचेल ती उद्या माहेरी जाईल. बाकीच्यांनी चिखल तुडवायचा. मग माझ्या नावाने गप्प बसायचं नाय."

रतनने विचारलं, हे ठरलं का? ठरलं, रखमाबाई म्हणाली. मग रतन आणि कलावतीने आपल्या होड्या उचलून बाजूला ठेवल्या. हा डाव दोघींचा होता.

सासू काही भोळी नव्हती. अवसेनंतरचा दिवस, उधाणाचं पाणी, आणि सकाळी भरती लागलेली. बाहेर सगळ्या होड्या दिव्याकडे नाक करून उभ्या. म्हणजे मोहन्याला जाणारीला पुरतं दान आणि बाळकुमला जाणारीला एकेक घर. म्हणूनच जेवणं व्हायच्या आत ती खेळायला बसली होती. हौसाबाईने एकदा बाहेर बघितलं आणि सगळं ओळखलं, पण नेम तिचाच होता.

रखमाबाईची होडी सरसर वर निघाली. कल्याणचं बंदर तिने दोन दानांत गाठलं. हौसाबाईची होडी घर घर करत दिव्यापाशी आली आणि कुर्लीने धरली. कलावतीने रतनकडे बघितलं. रतन म्हणाली, माझ्याकडे नको बघू, मी तेव्हाच सांगितलं होतं दिव्याला कुर्ल्या नाहीत.

हौसाबाईला आता एकच आशा होती, की पाणी फिरेपर्यंत आपण टिकावं. ती कवड्या हातात घोळवायला लागली. सासू म्हणाली, कवड्या घोळवून त्यांना पिल्लं होत नाहीत, टाक. कल्याणच्या वर नदी अरुंद होते, तिथं पटावर दगडांची दोन घरं होती. रखमाबाई तिथं अडकली, सुटली, पुन्हा अडकली. तेवढ्यात रतन ओरडली की होड्या आडव्या झाल्या.

खरोखर झाल्या होत्या. भरती संपली होती आणि ओहोटी लागली नव्हती. पाणी उभं होतं. आता दान कसं धरायचं? रखमाबाई म्हणाली, अजून भरतीच धरा. रतन म्हणाली, ओहोटी धरा. उत्तमला हाक गेली. तो धक्क्यावर होडी धूत होता. एकीकडे आई, एकीकडे बायको. त्याने पाण्यात एक काडी टाकली, बराच वेळ तिच्याकडे बघितलं आणि सांगितलं की पाणी उभं आहे, फिरेपर्यंत कुणीच हलायचं नाही, तोवर जेवून घ्या, मला भूक लागली आहे.

तर पाडव्याचा तो डाव अर्ध्यावर ठेवून सगळी जेवायला बसली. पटावर कुणी पाय देऊ नये म्हणून कलावती त्याच्याशेजारी ताट घेऊन बसली. रखमाबाई घास हातात धरून खाडीकडे बघत होती आणि हौसाबाई तिला खीर आग्रहाने वाढत होती, म्हणजे जेवण लांबावं. सासूने ते ओळखून दुसरी वाटी घेतली नाही.

हात धुतले तेव्हा होड्यांची नाकं कल्याणकडे वळली होती. ओहोटी. हौसाबाईची होडी सुटली. मुंब्र्याच्या डोंगराखालून गेली, पारसिकचा खडक चुकवला, खारीगाव मागे टाकलं. रखमाबाई पाण्याच्या विरुद्ध एकेक घर चढत होती. शेवटी बाळकुमला दोन घरं राहिली आणि मोहन्याला एक. हौसाबाईने कवड्या टाकल्या. एकच उताणी पडली. एक घर राहिलं.

आता रखमाबाईला काहीही पडलं तरी चालणार होतं. तिने कवड्या टाकल्या, त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि करवंटीची होडी मोहन्याच्या उताऱ्याला लावली.

हौसाबाई हरली. ती वाकून कवड्या गोळा करायला लागली. डोळ्यांत पाणी आलं असेल तर ते कुणाला दिसलं नाही. रखमाबाई जिंकली होती आणि जिंकलेल्या माणसासारखी दिसत नव्हती.

मग रतन म्हणाली, "काकी, मग उद्या निघायचं का तुम्ही?"

"कुठं?"

"मोहन्याला. पोचेल ती जाईल, असं तुम्हीच म्हणालात की."

रखमाबाई हसायला गेली आणि तिला दिसलं की कुणीच हसत नाही. तिचा भाऊ दगडू मोहन्याला होता. म्हातारा झाल्यापासून त्याचं येणं थांबलं होतं. तो दर दिवाळीला निरोप धाडायचा आणि ती दर दिवाळीला सांगायची की मिठागर सोडून कशी येऊ. आता आपण होऊन बोललेला शब्द समोर बसला होता. ती म्हणाली, मी म्हातारी, मला कशाला माहेर. ती म्हणाली, चिखल कोण बघेल. कलावती म्हणाली, "काकी, दोनच घरं आहेत. माहेर नाहीतर चिखल. जिंकलेल्या बाईला चिखल नाही."

रखमाबाईने पटाकडे बघितलं. आपली होडी लागली होती त्या घरावर बोट ठेवलं. मग तिने सुनेला विचारलं, घरात सोडे किती आहेत गो? दगडूला सुक्या कोळंबीच्या सोड्यांची आमटी आवडायची.

सासूचं गाठोडं हौसाबाईने बांधलं. मनात राग होता, नव्हता असं मी म्हणणार नाही. पण सोडे चांगले निवडून घातले, करंज्या फुटणार नाहीत अशा ठेवल्या, गेल्या हंगामातल्या मिठाची पुरचुंडी वर बांधली. सकाळी भरतीवर उत्तमची होडी आईला घेऊन वर गेली आणि हौसाबाई रतनबरोबर खाचरात उतरली. चिखल थंड होता. बायका एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून गाणं म्हणत तुडवत होत्या. तीही तुडवत होती, पण गाण्यात तिचा आवाज नव्हता.

मोहन्याला काय झालं ते उत्तमने पुढे आम्हाला कितीदा तरी सांगितलं. दगडू उतरणीवर वाल सोलत बसला होता. बहीण होडीतून उतरली. तो उठला नाही, दचकला नाही. तिला खालीवर बघून म्हणाला, "उशीर केलास गो. पाणी तापवलं होतं, निवालं." जणू सकाळीच बोलावलं होतं आणि ती वाटेत रेंगाळली होती. रखमाबाई त्याच्या शेजारी बसली आणि वाल सोलायला लागली. ओंजळभर सोलून झाल्यावर तिला मुलाची आठवण झाली.

"तू का उभा? पाणी फिरलं की जा. होडी रिकामी न्यायची नाय. कोपरला तिला घे आणि बाळकुमला सोड. ओहोटी तिकडेच तर जाते."

"आणि चिखल?" उत्तमने विचारलं.

"चिखलाला मी सांगते," ती म्हणाली, आणि पुढचा वाल घेतला.

दुपार कलल्यावर कोपरच्या खाचरांपाशी होडी आली. उत्तमने काठाला लावलीच नाही. ओहोटी जोराची होती, थांबली असती तर चिखलात बसली असती. त्याने पाण्यातूनच हाक घातली की आहेस तशी ये. हौसाबाईला आधी कळेना. कळलं तेव्हा ती गुडघाभर चिखलातून पळत सुटली. मागून रतनने तिचा वाटा मी तुडवते असं ओरडून सांगितलं, आणि बायकांचं गाणं मोडून हसणं झालं.

होडी ओहोटीच्या धारेला लागली. दिवा गेला. मुंब्र्याचा डोंगर गेला. पारसिकच्या वळणाला उन्हं पिवळी झाली. वल्ह्याला फारसं काम नव्हतं, पाणीच नेत होतं. हौसाबाई पुढच्या टोकाला बसली होती. उत्तमने विचारलं, काय बघतेस? ती म्हणाली, काही नाही, घरं मोजत नाही मी, नुसती बघते.

बाळकुमला दिवे लागत होते. विश्राम अंगणात पाय पुढे पसरून बसला होता. त्याची बायको पणत्या मांडत होती. फाटकाशी कुणी तरी बाई उभी राहिली, लुगडं पोटरीवर खोचलेलं, गुडघ्यापर्यंत वाळलेला चिखल, हातात ना गाठोडं ना ताट. त्याला ओळख पटायला वेळ लागला.

"ताई? खाडीतून चालत आलीस काय?"

"नाय रे," हौसाबाई म्हणाली, "हरून आले."

भावजयीने पाय धुवायला पाणी आणलं. हौसाबाईने आधी अंगणातली एक पणती उचलली आणि ओवाळायला ताट मागितलं.